भाऊबीज झाल्यावर प्रोव्हान्सला: शाळेच्या एका सहलीची तयारी

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या पुण्यातील शाळेच्या नववीच्या बावीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तीन शिक्षक दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रदेशात जाऊन आलो. सहल जेमतेम आठवडाभराची होती, पण तिची तयारी डिसेंबर २०२४ पासून चालू होती. या काळात प्रवासी कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रके हवी तेवढी मिळाली. मात्र शाळेने स्वतः आखलेली, चित्रकला डोळ्यांपुढे ठेवून केलेली परदेशातील सहल कशी उभी करावी, याविषयी मराठीत सलग लिहिलेले काही माझ्या हाती लागले नाही. म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

मी चित्रकला शिकवते आणि माझी एक सहकारी फ्रेंच शिकवते. प्रोव्हान्सची निवड या दोन विषयांच्या बेरजेतून झाली. आर्ल या लहानशा शहरात व्हिन्सेंट व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये आला आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत राहिला; तेवढ्या काळात त्याने सुमारे दोनशे चित्रे रंगवली. त्याच शहरात इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, वीस हजार प्रेक्षक बसतील एवढे रोमन रंगमंडल अजून उभे आहे आणि ते वापरातही आहे. एक-दीड तासाच्या अंतरात पाँ द्यु गार हा रोमन जलसेतू (कालव्याचे पाणी नदीपलीकडे नेणारा पूल), सॅं-रेमीजवळचे ग्लानम हे उत्खनित रोमन नगर आणि चित्रकार सेझानचे एक्स हे गाव येते. रोम किंवा पॅरिस यांच्या मानाने अंतरे कमी, गर्दी कमी, आणि मुलांना रस्त्याच्या कडेला बसून चित्र काढता येईल अशी मोकळी जागा भरपूर, असा हिशेब होता.

डिसेंबरमध्ये मुख्याध्यापिकाबाईंना दोन पानांचा प्रस्ताव दिला. त्यांनी तो शाळा समितीपुढे ठेवला, समितीने जानेवारीच्या बैठकीत ठराव केला आणि त्या ठरावाच्या प्रतीसह शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे रीतसर प्रस्ताव गेला. ठरावाची प्रत, पोच आणि पुढील पत्रव्यवहार एका वेगळ्या फाइलमध्ये लावण्याची शिस्त आमच्या कार्यालयातील लिपिकांनी पहिल्या दिवसापासून लावली. पुढे व्हिसाच्या अर्जाला, विम्याला आणि बँकेला याच कागदांच्या प्रती लागत गेल्या, तेव्हा त्या शिस्तीचे मोल कळले.

खरा वाद झाला तो कार्यक्रमावर. प्रवासी कंपनीने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात पॅरिस, डिस्नेलँड, नीस, मोनॅको आणि प्रोव्हान्स, एवढे सगळे एका आठवड्यात कोंबलेले होते. आर्लच्या वाट्याला दुपारचे दोन तास आले होते. माझी अट एकच होती की मुक्काम एकाच गावी असावा, रोज बॅगा भरायला लागू नयेत, आणि प्रत्येक दिवशी किमान दोन तास मुले एका जागी बसून चित्र काढतील. त्यासाठी नीस गेले, मोनॅको गेले, अव्हिन्यों येथील पोपचा राजवाडा गेला. ऑरेंज येथील १०३ मीटर लांबीची भिंत असलेले रोमन नाट्यगृह वगळताना मात्र मलाही वाईट वाटले. सहलीची आखणी करणाऱ्या शिक्षकांना माझे सांगणे आहे की, काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे याची यादी आधी करावी आणि ती पालकांना उघडपणे दाखवावी. नाहीतर सोडलेले प्रत्येक ठिकाण पुढे प्रत्येक सभेत पुन्हा उभे राहते.

तसे ते जानेवारीच्या पालकसभेत राहिलेच. ‘फ्रान्सला जाऊन आयफेल टॉवर दाखवणार नाही, असं कसं बाई?’ हा प्रश्न एका वडिलांनी विचारला आणि सभागृहात बऱ्याच माना हलल्या. प्रश्न गैर नव्हता, कारण पैसे त्यांचे होते. तोडगा निघाला तो कॅलेंडरमधून. १ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी आर्लमधील रोमन वास्तू बंद असतात. पॅरिसचे ओर्से संग्रहालय मात्र उघडे असते. व्हॅन गॉगने आर्लमध्ये सप्टेंबर १८८८ मध्ये रंगवलेले, ऱ्होन नदीवरील चांदण्या रात्रीचे चित्र याच संग्रहालयात आहे आणि त्याच्या आर्लमधील शयनगृहाच्या चित्राची एक आवृत्तीही तेथेच आहे. त्यामुळे परतीचा दिवस १ नोव्हेंबर ठरवून त्या दिवशी ओर्से, आणि वाटेत बसमधून आयफेल टॉवर, अशी तडजोड झाली. ज्या नदीकाठावर आठवडाभर फिरलो तिचे चित्र शेवटच्या दिवशी पाहायचे, ही कल्पना मला मूळ आराखड्यापेक्षाही चांगली वाटली.

निघण्याची तारीख ठरवणे सोपे होते. भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. तिच्याआधी एकही घर मूल सोडायला तयार झाले नसते. म्हणून २४ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईहून निघायचे ठरले. या काळात फ्रान्समधील शाळांनाही सुट्टी असते हे लक्षात घ्यावे. त्यामुळे वसतिगृहे आणि रेल्वे लवकर भरतात. आम्ही आर्लमधील खोल्या मार्चमध्येच राखून ठेवल्या. ऑक्टोबरच्या अखेरीचा एक फायदा असा की, तेव्हा ऊन मऊ असते आणि आलिस्काँ या रोमन दफनभूमीतील झाडांची पाने पिवळी होऊन गळत असतात. चित्रकार पॉल गोगँ २३ ऑक्टोबर १८८८ रोजी आर्लला पोहोचला आणि पुढच्या काही दिवसांत तो व व्हॅन गॉग दोघेही याच दफनभूमीत चित्रे रंगवायला बसले. आमच्या मुलांना नेमका तोच ऋतू मिळणार होता.

खर्चाविषयी स्पष्ट लिहिते, कारण या प्रश्नाची उत्तरे बहुतेक ठिकाणी मोघम मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एकूण सुमारे २ लाख ३५ हजार रुपये खर्च आला. त्यात विमान, रेल्वे, वसतिगृहातील मुक्काम व दोन वेळचे जेवण, चार दिवसांची भाड्याची बस, विमा, प्रवेशशुल्क आणि स्थानिक मार्गदर्शक हे सगळे होते. पालकांनी ही रक्कम चार हप्त्यांत भरली. येथे कराची एक बाब महत्त्वाची आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, आकारते. एप्रिल २०२५ पासून एका खरेदीदाराच्या वर्षभरातील १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो ५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर २० टक्के होता. सगळ्यांचे पैसे शाळेच्या खात्यात गोळा करून शाळेने एकरकमी भरले असते, तर ही मर्यादा कधीच ओलांडली गेली असती. शाळेच्या लेखापालांच्या सल्ल्याने प्रत्येक पालकाने स्वतःच्या पॅन क्रमांकावर थेट कंपनीला पैसे दिले आणि पावती स्वतःच्या नावे घेतली. दर दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे सभा घेण्यापूर्वी लेखापालांना विचारावे.

एवढी रक्कम प्रत्येक घराला झेपणारी नाही, हे उघड आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले येणार नव्हती, आणि त्यातली दोघे तर माझ्या मते वर्गातील सर्वांत चांगली चित्रे काढतात. माजी विद्यार्थ्यांनी केलेल्या मदतीतून एका मुलीचा निम्मा खर्च भागला. दुसऱ्याच्या घरच्यांनी नम्रपणे नकार दिला आणि आम्ही आग्रह केला नाही. मात्र तयारीचे सगळे वर्ग, व्याख्याने आणि महाराष्ट्रातील सहल संपूर्ण वर्गासाठी खुली ठेवली. हे पुरेसे होते असे मी म्हणणार नाही.

एप्रिलमध्ये कागदपत्रांना हात घातला. पहिल्याच आठवड्यात कळले की सात मुलांचे पासपोर्ट संपत आले आहेत किंवा संपलेले आहेत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे पालकांच्या लक्षात राहत नाही. फ्रान्ससह बहुतेक युरोपीय देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पाने लागतात. त्याहून मोठी अडचण जन्मदाखल्यांची निघाली. रुग्णालयातून नोंद झाली तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नव्हते आणि नंतर ते घालायचे राहून गेले, असे चार दाखले निघाले. दाखल्यावर आईवडिलांची नावे आहेत, पण मुलाच्या नावाचा रकाना कोरा. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज करून ती नावे घालून घेण्यात मे महिना आणि जूनचा काही भाग गेला. एका मुलाच्या दाखल्यावर आजोबांचे नाव आडनावाच्या जागी पडले होते. त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

आईवडिलांपैकी कोणीही सोबत नसल्याने दोघांचेही संमतीपत्र आवश्यक होते. आम्ही इंग्रजीत एकच नमुना तयार केला: मुलाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, सोबत असणाऱ्या तिन्ही शिक्षकांची नावे व पासपोर्ट क्रमांक, आणि आपत्कालीन वैद्यकीय उपचारांना संमती. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर हा मजकूर छापून, एका शनिवारी शाळेतच नोटरींना बोलावून सर्व पालकांच्या सह्या घेतल्या. त्यामुळे पालकांच्या फेऱ्या वाचल्या आणि मजकुरात फरकही राहिला नाही. तीन मुलांच्या बाबतीत एकच पालक सही करू शकत होते; तेथे परिस्थितीनुसार मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा ताबा देणारा आदेश जोडावा लागला. हे कागद मागताना सभेत सर्वांसमोर न बोलता त्या पालकांना स्वतंत्रपणे भेटावे. एका आईने हा आदेश माझ्या हाती देताना पाकीट बंद करून दिले होते. मी ते तसेच लिपिकांकडे न देता स्वतः स्कॅन केले.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागतात. पण उन्हाळ्यात वेळ मिळणेच कठीण असते, म्हणून आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातील भेटीची वेळ घेतली. पुण्यात अर्ज केंद्र असल्याने मुंबईला जावे लागले नाही. बारा वर्षांवरील प्रत्येकाला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, त्यामुळे मुलांचे दोन गट करून सलग दोन सकाळी नेले. प्रत्येक फाइलमध्ये अर्ज, छायाचित्र, पासपोर्ट, जन्मदाखला, संमतीपत्र, शाळेचे बोनाफाईड, पालकांचे बँकेचे उतारे व आयकर विवरणपत्रे, विमानाची व वसतिगृहाची आरक्षणे आणि किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा विमा, हे याच क्रमाने लावले होते. आपल्याकडे विमा बहुधा डॉलरमध्ये मिळतो. रक्कम युरोमध्ये किती होते आणि रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे दोन्ही पाहून घ्यावे.

शुल्काबाबत एक गोष्ट बऱ्याच शाळांना ठाऊक नसते. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आसपास आहे. परंतु अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे शालेय विद्यार्थी व त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना नियमावलीतच या शुल्कातून सूट दिलेली आहे. सहल ‘पर्यटन’ म्हणून दाखवली तर हा मुद्दा मांडताच येत नाही. आम्ही मुख्याध्यापिकांच्या सहीने दिवसवार अभ्यासक्रम लिहिलेले पत्र जोडले: कोणत्या ठिकाणी कोणता पाठ, कोणता शिक्षक, मुले काय काढतील व काय लिहितील. हे पत्र आधी ईमेलने पाठवून लेखी उत्तर घेतले आणि त्याची प्रत प्रत्येक फाइलला लावली. केंद्राचे सेवाशुल्क मात्र भरावेच लागले.

त्यानंतर वाट पाहणे आले. २७ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा एकाही पासपोर्टचा पत्ता नव्हता. दोन दिवसांनी बरेचसे पासपोर्ट आले. एका मुलीच्या वडिलांकडे मात्र नोकरीविषयीचा आणखी एक कागद मागितला गेला. शाळेच्या आरतीला उभी असताना माझे लक्ष मोबाईलकडे होते, हे माझ्या सहकाऱ्यांनी पाहिले असणार. शेवटचा पासपोर्ट गौरीपूजनाच्या दिवशी, १ सप्टेंबरला आला. त्या मुलीच्या आईने फोनवर आधी काही न बोलता नुसता श्वास सोडला. अशा वेळी एखाद्या मुलाचा व्हिसा नाकारला गेला तर पैसे किती व केव्हा परत मिळतील, हे कंपनीकडून जानेवारीतच लेखी घेतलेले असावे. आमच्याकडे ते होते, म्हणून निदान त्या एका प्रश्नावर पालकांना ठाम उत्तर देता आले.

सप्टेंबरच्या मध्यात संपूर्ण वर्गाला कोल्हापूरला नेले. तेथील टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत आणि त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. रोमन जगाशी आपल्या दख्खनचा व्यापार होता हे मुलांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते; ती मूर्ती समोर पाहिल्यावर ‘मग हे लोक आपल्याकडे आले होते की वस्तूच आल्या?’ असा प्रश्न एका मुलाने विचारला आणि पुढचा अर्धा तास त्यावर गेला. ही सहल सरावासाठीही उपयोगी पडली. बसमध्ये चढता-उतरताना मोजणी, जोड्या, ठरलेल्या जागी भेटणे, न बोलता वीस मिनिटे रेखाटन करणे, हे सगळे तेथे करून पाहिले. मुलांनी शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली असल्याने स्थिरचित्र आणि संकल्पचित्र त्यांना चांगले येत होते, परंतु समोरची वास्तू पाहून, तिचे प्रमाण पेन्सिलीने मोजून, उघड्यावर चित्र काढण्याची सवय फारच थोड्यांना होती.

व्हॅन गॉगविषयी मुलांशी काय बोलावे, हा प्रश्न आम्ही शाळेच्या समुपदेशकांपुढे मांडला. डिसेंबर १८८८ मधील कान कापून घेण्याचा प्रसंग मुलांना इंटरनेटवरून ठाऊक असतोच, आणि त्यावर विनोदही होतात. समुपदेशकांचे म्हणणे असे की, आजार लपवू नये आणि त्याला प्रतिभेचे कारणही ठरवू नये; तो आजारी होता, त्याच्यावर उपचार झाले, आणि बरे वाटत असे तेव्हा तो काम करी, एवढे साध्या शब्दांत सांगावे. सॅं-रेमीचे सॅं-पॉल हे रुग्णालय आजही मानसोपचारासाठी चालते, त्यामुळे त्या आवारात कसे वागायचे हेही त्यांनीच एका तासात मुलांशी बोलून ठरवले.

सुरक्षिततेच्या बाबतीत पालकांचा सर्वाधिक आग्रह पाण्यापासून लांब राहण्याचा होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातील चौदा विद्यार्थी बुडाले, ते आमच्या भागात कोणीही विसरलेले नाही. पाँ द्यु गारच्या खालून वाहणाऱ्या गार्दों नदीच्या काठावर उन्हाळ्यात लोक पोहतात; आम्ही काठावर उतरायचेच नाही, पुलाच्या वरच्या बाजूनेच पाहायचे, असा नियम लेखी दिला. त्या प्रदेशात शरद ऋतूत डोंगरांकडून अचानक मुसळधार पाऊस येतो आणि सप्टेंबर २००२ मध्ये गार जिल्ह्यात मोठा पूर आला होता, म्हणून रोज सकाळी फ्रान्सच्या हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहून मगच बस काढायची, हेही ठरले. निघण्याच्या पाच दिवस आधी लूव्र संग्रहालयातील चोरीची बातमी आली आणि पुन्हा फोन सुरू झाले. आपण लूव्रला जाणारच नाही, एवढेच उत्तर पुरले.

सामानाच्या बाबतीत दोन सूचना. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून दिवाळीच्या फराळातून पेढे, बर्फी आणि तुपाचा डबा घरीच ठेवायला लावले. चिवडा, चकल्या, शंकरपाळे आणि खाकरे यांवर मुले आठवडाभर खूश होती. दुसरी सूचना चित्रकलेच्या सामानाची. कटर आणि ब्लेड हातातील बॅगेत चालत नाहीत, रंग पक्के करण्याचा स्प्रे ज्वालाग्राही असल्याने आम्ही तो नेलाच नाही, आणि तैलखडूंऐवजी पेन्सिल व जलरंग घेतले. कागद धरून ठेवण्यासाठी प्रत्येकी चार मोठ्या क्लिपा घेतल्या होत्या; त्या किती लागतील याची कल्पना तेव्हा नव्हती.

२५ ऑक्टोबरला सकाळी पॅरिसच्या विमानतळावर उतरलो. परदेशी प्रवाशांच्या ठसे व छायाचित्र नोंदणीची नवी पद्धत १२ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली असल्याने रांग किती लांबेल याचा अंदाज नव्हता. म्हणून विमानतळावरूनच सुटणारी अव्हिन्योंची थेट रेल्वे चार तासांनंतरची घेतली होती. बदलता न येणारे स्वस्त तिकीट घेतल्यावर एवढे अंतर ठेवावेच. त्या रात्री घड्याळे एक तास मागे जाणार होती. मुलांना ही गंमत वाटली, पण पालकांशी बोलण्याची ठरलेली वेळ त्यामुळे बदलली: भारताशी साडेतीन तासांचे अंतर होते ते साडेचार तासांचे झाले. हे आधी कळवलेले असल्याने रविवारी कोणी घाबरून फोन केला नाही.

रविवारी रंगमंडलात गेलो. मध्ययुगात या वास्तूच्या आत दोनशेच्या आसपास घरे आणि दोन प्रार्थनामंदिरे होती, कमानी बुजवून त्यांचा तट केला होता आणि टेहळणीचे मनोरे उभारले होते. त्यांतील तीन आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात ही घरे काढण्यात आली. मुलांना ग्लॅडिएटरपेक्षा या वस्तीचे कुतूहल अधिक वाटले: कोणाचे घर कोठे असेल, पाणी कोठून येत असेल, कमानीत दार कसे बसवले असेल. काहींनी आजची वास्तू न काढता ते नाहीसे झालेले गाव काढले. येथे आजही हंगामात माणूस विरुद्ध बैल अशा झुंजी होतात आणि भिंतीवर त्यांची जुनी भित्तिपत्रके दिसतात, हे आधी सांगून ठेवले होते. तरी दोन मुली त्यावर बराच वेळ नाराज होत्या आणि त्यांची नाराजी मला योग्य वाटली.

सोमवारी पाँ द्यु गारला मिस्त्राल, म्हणजे त्या भागातला उत्तरेकडून येणारा थंड, जोराचा वारा सुटला होता. व्हॅन गॉग या वाऱ्यात आपला चित्रफलक लोखंडी खुंट्यांनी जमिनीला ठोकत असे, हे वर्गात सांगताना मुले हसली होती. तेथे त्यांनी चार क्लिपा लावूनही कागद गुडघ्यांखाली दाबून धरले. हा पूल सुमारे ४९ मीटर उंच आहे आणि तो ज्या कालव्याचा भाग आहे, तो युझेसजवळच्या झऱ्यापासून नीमपर्यंत सुमारे ५० किलोमीटर वळणे घेत जातो. एवढ्या लांबीत एकूण उतार साडेबारा मीटरच्या आसपासच आहे. आमच्यासोबत आलेल्या गणिताच्या शिक्षकांनी तेथेच मुलांना दर किलोमीटरचा उतार काढायला लावला. उत्तर साधारण २५ सेंटिमीटर आले, तेव्हा एकाने उठून पुन्हा पुलाकडे पाहिले.

मंगळवारी आर्लचे पुरातत्त्व संग्रहालय बंद असते, म्हणून तो दिवस सॅं-रेमीला दिला होता. सहलीतील हा सर्वांत समृद्ध दिवस ठरला, आणि पुन्हा आखणी केली तर मी येथे दोन दिवस देईन. सॅं-पॉल रुग्णालयात व्हॅन गॉग मे १८८९ पासून वर्षभर राहिला आणि त्याने तेथे सुमारे दीडशे चित्रे केली. तारांकित रात्रीचे प्रसिद्ध चित्र जून १८८९ मधील आहे. रुग्णालयापासून चालत काही मिनिटांवर दोन रोमन वास्तू आहेत, एक कमान आणि एक स्मारक, ज्या कायम उघड्यावरच उभ्या होत्या. पण त्यांच्या पलीकडचे ग्लानम नगर जमिनीखाली गाडलेले होते आणि त्याचे उत्खनन १९२१ मध्ये सुरू झाले. म्हणजे ज्या परिसरात व्हॅन गॉग वर्षभर ऑलिव्हची झाडे रंगवत होता, तेथेच हाकेच्या अंतरावर रस्ते, स्नानगृहे आणि मंदिरे मातीखाली पडून होती. मी हे सांगितल्यावर मुलांनी झाडांच्या मुळांखाली काय असेल ते काढायला सुरुवात केली. त्या दुपारी ठरलेले दोन तास साडेतीन झाले. फ्रान्समध्ये बसचालकाच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते आणि एका चालकाला दिवसभर थांबवून ठेवता येत नाही, त्यामुळे आर्लमधील संध्याकाळचा फेरफटका रद्द केला.

बुधवारी पुरातत्त्व संग्रहालयात ऱ्होनच्या तळातून २०११ मध्ये वर काढलेली ३१ मीटर लांबीची रोमन बोट पाहिली आणि दुपार आलिस्काँमध्ये घालवली. गुरुवारी एक्सला सेझानने १९०२ पासून मृत्यूपर्यंत वापरलेल्या चित्रशाळेपासून सॅंत-व्हिक्त्वार पर्वत दिसतो त्या चढापर्यंत चालत गेलो. सेझानने हा पर्वत कितीतरी वेळा रंगवला, हे ठाऊक असल्याने मुलांना दर वीस मिनिटांनी एक याप्रमाणे प्रत्येकी चार छोटी चित्रे काढायला सांगितली होती. तिसऱ्या चित्रापर्यंत कुरकुर होती. चौथ्याच्या वेळी ढग आले आणि सावली सरकली, मग कोणी काही बोलले नाही.

जेवणाविषयी: शाकाहारी, अंडी न खाणारी आणि जैन अशा तीन याद्या वसतिगृहाला फ्रेंचमध्ये मार्चमध्ये व पुन्हा निघण्यापूर्वी पाठवल्या होत्या. तरी पहिल्या रात्री भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचे पाणी होते का, हे माझ्या सहकारीने स्वयंपाकघरात जाऊन विचारून खात्री केली. रोज हे विचारावे लागेल असे धरून चालावे. एका मुलाला ताप आला, तेव्हा हिरव्या क्रॉसच्या पाटीच्या औषधाच्या दुकानातच काम भागले. सोबत नेलेल्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असल्याचा तेथे उपयोग झाला.

शनिवारी ओर्सेमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नव्हते, परंतु गटाची वेळ राखून ठेवावी लागली होती. ऱ्होनच्या चित्रासमोर गर्दी होती आणि आम्हाला दहाएक मिनिटेच मिळाली. बसमधून आयफेल टॉवर दिसला, छायाचित्रे निघाली, ज्या वडिलांनी जानेवारीत प्रश्न विचारला होता, त्यांना त्यांच्या मुलाने ती तेथूनच पाठवली.

परतल्यावर हिशेब पूर्ण करायला नोव्हेंबर गेला. बस आणि मार्गदर्शकांच्या रकमेतून प्रत्येकी साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम उरली, ती परत केली. टीसीएसची रक्कम पालकांच्या २६एएस या आयकर खात्याच्या करजमा विवरणात दिसते का, हे तपासायला सांगितले आहे. दिसत असेल तर ती आयकर विवरणपत्र भरताना समायोजित होते किंवा परत मिळते. डिसेंबरमध्ये शाळेच्या दालनात कोल्हापूरची आणि प्रोव्हान्सची चित्रे एकत्र लावली, चित्राखाली फक्त ठिकाणाचे नाव लिहिले. पुढच्या तुकडीच्या पालकांची सभा अजून झालेली नाही, पण त्यांना एक सूचना आधीच गेली आहे: मुलाचा पासपोर्ट कधी संपतो ते पाहा, आणि जन्मदाखला कपाटातून काढून त्यावर मुलाचे नाव लिहिलेले आहे का ते वाचा.